दिवा लागला, तरी वैमानिक थांबत का नाही?

नानांना मुलीकडे पुण्याला जायचं होतं. गुडघ्यांमुळे रात्रभर ट्रॅव्हल्समध्ये बसणं आता जमत नाही, म्हणून जळगावहून विमानाचं तिकीट काढून दिलं. नेमका त्याच आठवड्यात त्यांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर कुणीतरी एक व्हिडिओ धाडला. विमान धावपट्टीवर सुसाट पळतंय, समोरच्या पॅनेलवर एक पिवळा दिवा लुकलुकतोय आणि दोन्ही वैमानिक शांत बसलेत. विमान तसंच उडालं.

नानांनी मला बोलावून घेतलं. मी विमानांच्या वायरिंगचं काम करतो, त्यामुळे आमच्या गावात विमानाबद्दलच्या सगळ्या तक्रारी माझ्याकडेच येतात. नानांची तक्रार थेट होती. "दिवा लागना, तरी हाऊ मानूस हात बी लावस नही. झोपेल शे का?"

झोपलेला नव्हता. उलट त्या वेळी दिव्याकडे दुर्लक्ष करणं हेच त्याचं काम होतं. हे पटायला थोडा वेळ लागतो, म्हणून नानांच्या विहिरीवरच्या पेटीपासून सुरुवात करतो.

चोपडा तालुक्यात ज्याची केळी आहे त्याला स्टार्टरची पेटी सांगायला नको. तिच्यावर तीन दिवे असतात, लाल, पिवळा, निळा. तिन्ही लागले म्हणजे तिन्ही फेज आहेत, मोटार चालू करायला हरकत नाही. एक विझला की फेज गेला, हात लावायचा नाही. म्हणजे आपल्याकडे उजेड ही चांगली खबर आणि अंधार ही वाईट. विमानात बरोबर उलटं. आजच्या बहुतेक प्रवासी विमानांची रचनाच अशी, की सगळं ठीक असेल तर डोक्यावरचं पॅनेल काळंभोर दिसतं. वैमानिक त्याला 'डार्क कॉकपिट' म्हणतात. शेकडो बटणांमध्ये एखादंच उजळलं, तर ते शोधावं लागत नाही.

दिव्यांचे रंगही ठरलेले. लाल म्हणजे वॉर्निंग, लगेच काहीतरी करावं लागेल. पिवळा, खरं तर पिकल्या आंब्यासारखा रंग, म्हणजे कॉशन, लक्षात घ्या, नंतर बघावं लागेल. दोन्ही वैमानिकांच्या नजरेसमोर एक लाल आणि एक पिवळा असे दोन मोठे 'मास्टर' दिवे असतात. कुठेही काही बिघडलं की आधी हे पेटतात आणि सोबत घंटी किंवा टिंग असा आवाज येतो. मास्टर दिवा फक्त हाक मारतो. नक्की काय बिघडलं ते पडद्यावर किंवा दुसऱ्या पॅनेलवर वाचावं लागतं. मास्टर दिवा दाबला की तो विझतो, आवाज थांबतो, पण बिघाडाची ओळ तिथेच राहते. दोघांपैकी जो विमान हाकत नसतो, त्याने ती ओळ मोठ्याने वाचायची असते.

दिवा लागल्यावर सगळ्यांनी मिळून दिव्याकडेच बघत बसलं तर काय होतं, याचं उदाहरण वैमानिकांना आजही शिकवतात. २९ डिसेंबर १९७२ ला ईस्टर्न एअरलाइन्सचं ट्रायस्टार विमान न्यूयॉर्कहून मायामीला उतरत होतं. पुढचं चाक नीट खाली आलंय हे सांगणारा दिवा लागेना. चाक खाली होतं, दिव्याचा बल्बच गेला होता. विमान २,००० फुटांवर ऑटोपायलटवर ठेवून सगळे त्या दिव्याच्या मागे लागले. तेवढ्यात उंची धरून ठेवणारी ऑटोपायलटची सेटिंग धक्क्याने सुटली आणि विमान अगदी हळूहळू खाली यायला लागलं. उंची सुटल्याचा इशारा देणारा आवाज वाजलाही, पण त्याच्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. विमान दलदलीत कोसळलं, १०१ जण गेले. आपण उड्डाणाबद्दल बोलतोय आणि ही गोष्ट उतरण्याची आहे हे मला ठाऊक आहे. पण दिवा महत्त्वाचा की विमान, हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच असतो.

आता धावपट्टीवर येऊ. इंजिनाचा जोर वाढवल्यापासून चाकं जमीन सोडेपर्यंत साधारण अर्धं मिनिट जातं. या अर्ध्या मिनिटाचे वैमानिक तीन तुकडे करतात आणि दिवा लागला तर काय करायचं ते कोणत्या तुकड्यात लागला यावर ठरतं.

पहिला तुकडा हळू वेगाचा. बोईंगच्या विमानांत साधारण ८० नॉटपर्यंत, म्हणजे ताशी १४८ किलोमीटर. एअरबसमध्ये १०० नॉटपर्यंत, म्हणजे १८५. या वेगाला 'हळू' म्हणताना आपल्या रस्त्यांवरच्या माणसाला हसू येईल, पण विमानाच्या हिशेबात तो हळूच. इथे पिवळा दिवा लागला तरी थांबायचं. समोर अजून भरपूर धावपट्टी असते, ब्रेक थंड असतात, थांबणं फुकटात पडतं. हा वेग आला की न हाकणारा वैमानिक "एटी नॉट्स" किंवा "हंड्रेड नॉट्स" असं मोठ्याने म्हणतो आणि हाकणारा आपल्या काट्याकडे बघून "चेक्ड" म्हणतो. या हाकेची दोन कामं आहेत. दोघांचे वेगाचे काटे सारखेच दाखवतायत ना ते कळतं. आणि दुसरं म्हणजे, या क्षणापासून नियम बदलला.

दुसऱ्या तुकड्यात, म्हणजे या हाकेनंतर, किरकोळ कारणांसाठी थांबायचं नाही. इंजिन बंद पडलं, इंजिनाला आग लागली, पुढे वाऱ्याचा धोकादायक झोत असल्याचा इशारा आला, किंवा विमान उडूच शकणार नाही अशी स्पष्ट शंका आली, एवढ्याचसाठी थांबायचं. व्हिडिओतला दिवा या तुकड्यात लागला असावा. एखादा पंप, एखादं सेन्सर, कुठल्या तरी हीटरची तक्रार. हे सगळं वर गेल्यावरही बघता येतं.

"आनि थांबना तर काय बिघडस?" नानांनी विचारलं. प्रश्न रास्त आहे. रस्त्यावर शंका आली की आपण गाडी बाजूला घेतो, आणि तेच शहाणपणाचं असतं.

पण वेग दुप्पट झाला की अंगातली ऊर्जा चौपट होते. ८० नॉटवर ब्रेकने जेवढी ऊर्जा जिरवायची, त्याच्या तिप्पट १४० नॉटवर जिरवावी लागते. तीही काही टनांच्या यंत्राची, उरलेल्या धावपट्टीत. ब्रेक तापून लाल होतात. चाकांमध्ये वितळणाऱ्या धातूच्या बुचण्या मुद्दाम बसवलेल्या असतात. उष्णता फार झाली की त्या वितळतात आणि हवा निघून टायर बसतो. बुचण्या नसत्या तर तो फुटला असता. अमेरिकेत १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला विमान कंपन्या, बोईंग आणि तिथल्या विमान वाहतूक खात्याने मिळून थांबवलेल्या उड्डाणांचा अभ्यास केला होता. साधारण ३,००० उड्डाणांत एक थांबवलं जातं, आणि त्यांतली तीन-चतुर्थांश ८० नॉट किंवा त्याखालीच थांबतात, तिथे काही होत नाही. १२० नॉटच्या वर थांबवलेली जेमतेम २ टक्के. पण धावपट्टी ओलांडून झालेले अपघात बघितले, तर अर्ध्याहून अधिक वेळा थांबण्याचा निर्णय उशिरा, म्हणजे थांबता येईल त्या वेगानंतर घेतलेला होता. आणि इंजिनाचा जोर खरोखर गेला होता अशी प्रकरणं साधारण चौथा हिस्साच. बाकीच्यांत विमान बहुधा सुखरूप उडालं असतं.

टायर फुटणं हे मला यातलं सगळ्यात मजेशीर वाटतं. धडाम आवाज, हादरे, कुणालाही वाटेल थांबावं. पण वेग बराच वाढला असेल तर टायर फुटल्यावर पुढेच जायचं. कारण थांबायला टायर लागतात, उडायला नाही.

थांबता येईल असा शेवटचा वेग, त्याला व्ही-वन म्हणतात. दुसरा तुकडा इथे संपतो आणि तिसरा सुरू होतो. लहानपणी पाटचारीवरून उडी मारली असेल तर व्ही-वन तुम्हाला माहीत आहे. धावत येताना एक पाऊल असं येतं, की त्याच्या आधी थांबलात तर काठावर राहाल. त्याच्यानंतर थांबायला गेलात तर पाण्यात. तिथून पुढे उडी हाच एक मार्ग. फक्त पाटचारीवर तो अंदाज पायाला कळतो, इथे तो उड्डाणाआधी आकड्यांत काढलेला असतो. विमानाचं वजन, धावपट्टीची लांबी, ती ओली की कोरडी, वारा आणि तापमान. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा हवा विरळ होते, इंजिनाला जोर कमी मिळतो, पंखांनाही कमी उचल मिळते आणि विमानाला जास्त धावावं लागतं. जळगावची धावपट्टी पावणेदोन किलोमीटरच्या आसपास, म्हणजे मुंबईच्या मानाने बरीच आखूड. म्हणून उन्हाळ्यातल्या दुपारी तिथे हे आकडे जास्त काटेकोर होतात, आणि कधी वजनही कमी करावं लागतं. जळगावला येतं ते दोन पंख्यांचं एटीआर ७२, त्याचा व्ही-वन साधारण ११० नॉटच्या आसपास येतो.

व्ही-वनबद्दल एक गैरसमज अगदी जाणत्या लोकांतही असतो. त्यांना वाटतं की त्या क्षणी निर्णय घ्यायचा. तसं नाही. थांबायचं असेल तर व्ही-वनपर्यंत हात हललेला असला पाहिजे, विचार त्याच्या आधीच झालेला. म्हणून बऱ्याच कंपन्यांत "व्ही-वन" ही हाक दोन-चार नॉट आधीच देतात. आणि म्हणूनच, उड्डाण सहवैमानिक करत असला तरी बहुतेक कंपन्यांत इंजिनाचा जोर कमी-जास्त करणाऱ्या लिव्हरवर हात कॅप्टनचा असतो. थांबायचं की जायचं हे तोच सांगणार. "व्ही-वन" ऐकलं की तो हात लिव्हरवरून उचलतो. मुद्दाम, सगळ्यांना दिसेल असा. घाबरून मागे ओढायला हात तिथे असूच नये म्हणून.

व्ही-वननंतर एक इंजिन बंद पडलं तर? नानांचा चेहरा इथे पडला. पण दोन इंजिनांचं विमान प्रमाणित होतानाच हे सिद्ध करावं लागतं, की एकाच इंजिनावर ते उरलेल्या धावपट्टीत उडेल आणि चाकं आत घेतल्यावर दर १,००० मीटर पुढे जाताना किमान २४ मीटर वर चढेल. एटीआरमध्ये तर एक व्यवस्था आहे जिचं मला फार कौतुक वाटतं. एक इंजिन गेलं की ती आपोआप त्याच्या पंख्याची पाती वाऱ्याला कड दाखवतील अशी फिरवते, म्हणजे तो पंखा वाऱ्याला अडत नाही, आणि त्याच वेळी दुसऱ्या इंजिनाचा जोर ९० टक्क्यांवरून १०० वर नेते. वैमानिकाने हात लावायच्या आधी. त्याच्याकडे उरतं ते नाक सरळ ठेवणं.

आता नानांच्या मूळ प्रश्नाचा सगळ्यात गमतीचा भाग. वैमानिकच नाही, विमानसुद्धा या वेळी गप्प बसतं. एअरबस ए३२० मध्ये उड्डाणाचा जोर दिला की पडद्यावर जांभळट अक्षरांत 'टी.ओ. इनहिबिट' अशी ओळ येते. तिथून १,५०० फुटांपर्यंत बहुतेक किरकोळ तक्रारी संगणक स्वतःजवळच ठेवतो, सांगत नाही. इंजिनाची आग मात्र तो दडवत नाही. बोईंगच्या बऱ्याच विमानांतही ८० नॉटपासून ४०० फुटांपर्यंत अशीच दडवादडवी असते. एटीआरमध्ये त्यासाठी वेगळं बटणच आहे, वैमानिक उड्डाणाआधी ते दाबतात. पहिल्यांदा हे कळलं तेव्हा मला धक्का बसला होता. बिघाड कळूनही सांगायचा नाही? पण मग ईस्टर्नचा बल्ब आठवला. ज्या वेळी सांगून उपयोग नाही आणि घाबरवून नुकसान आहे, त्या वेळी न सांगणाराच मदत करतो. घरात लग्नाच्या मांडवात कोण काय सांगतो आणि काय दडवतो, तसंच.

पण चुकीच्या वेळी चुकीचा आवाज आला तर सरावलेला माणूसही गोंधळतो. १३ मार्च २०१४ ला फिलाडेल्फियात यूएस एअरवेजचं ए३२० उडत होतं. सहवैमानिकाने संगणकात चुकीची धावपट्टी टाकली होती. कॅप्टनच्या ते लक्षात आलं, नोंद बदलली, पण बदलताना व्ही-वनसकट वेगाचे आकडे पुसले गेले आणि पुन्हा भरले गेले नाहीत. जोर देताच टिंग वाजलं, लिव्हर नीट ठेवलेली नाही अशी ओळ आली. कॅप्टनला वाटलं ठेवलीय. मग आणखी वेग आल्यावर 'रिटार्ड' असा आवाज आला. तो एरवी उतरताना, जमिनीजवळ, लिव्हर मागे ओढा म्हणून ऐकू येतो. उड्डाणात ऐकायची कुणाला सवय नसते. थांबणं सोपं होतं तेव्हा कुणी थांबलं नाही. नाक उचलून विमान उडाल्यावर मात्र कॅप्टनला ते धोकादायक वाटलं आणि त्याने जोर काढला. विमान आपटलं, पुढचं चाक मोडलं. १५४ जण होते, सगळे बाहेर निघाले. विमानात उडता येणार नाही असं काहीही बिघडलेलं नव्हतं.

याच्या बरोब्बर उलटी गोष्ट तीन वर्षांनी, ८ मार्च २०१७ ला, मिशिगन राज्यात. मिशिगन विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाला घेऊन निघालेलं एमडी-८३. आदल्या दिवसांत उभं असताना जोराच्या वाऱ्याने त्याच्या शेपटीकडची, नाक वर-खाली करणारी एक फळी अडकली होती, आणि या जातीच्या विमानाची रचनाच अशी, की खाली उभं असताना तपासणीत ते कळत नाही. व्ही-वन गेला, नाक उचलायचा वेग आला, कॅप्टनने दांडी ओढली, नाक उठलं नाही. आणखी ओढली, तरी नाही. एकही दिवा लागलेला नव्हता. कॅप्टनने व्ही-वननंतर उड्डाण थांबवलं. शेजारी बसलेला प्रशिक्षक वैमानिक मध्ये पडला नाही. विमान धावपट्टी ओलांडून कुंपण तोडत गेलं, ११६ जणांपैकी एकाला किरकोळ लागलं. अमेरिकेच्या अपघात तपास मंडळाने दोघांचंही कौतुक केलं. व्ही-वननंतर थांबायचं नाही हा नियम त्यांनी मोडला असं मला वाटत नाही. विमान उडूच शकत नसेल तर थांबायचं, हेही नियमातच आहे. फक्त ते ओळखायला त्यांच्याकडे तीन-चार सेकंद होते.

एक भोंगा मात्र असा आहे, की तो वाजला तर काहीही असो, थांबायचंच. जोर वाढवताना फ्लॅप म्हणजे पंखांच्या मागच्या पट्ट्या उड्डाणाच्या जागी नसतील, किंवा पार्किंग ब्रेक लागलेला असेल, तर तो लगेच वाजतो, विमान अजून जागेवरच असताना. सगळ्यात स्वस्तात पडणारा इशारा. आणि सगळ्यात वाईट अपघात तो न वाजल्यामुळे झालेत. डेट्रॉइटला १६ ऑगस्ट १९८७ ला आणि माद्रिदला २० ऑगस्ट २००८ ला, दोन्ही एमडी-८२, दोन्हीकडे फ्लॅप न काढताच उड्डाण झालं आणि इशारा वाजला नाही. डेट्रॉइटला तर त्याला वीजच पोहोचत नव्हती. १५६ आणि १५४ माणसं गेली. म्हणून अंधारी कॉकपिट म्हणजे सगळं ठीक, यावर वैमानिक डोळे मिटून विश्वास ठेवत नाही. उड्डाणाआधी एअरबस आणि एटीआरमध्ये एक बटण दाबून तो विमानाला विचारतो, उडायला तयार आहेस ना? आणि दिव्यांची चाचणी घेताना सगळे दिवे एकदम पेटवून कुठला बल्ब गेलाय का ते बघतात. मला हातात मीटर घेऊन बसलेला नानांचा वायरमन आठवतो. तोही पेटीच्या दिव्यावर विश्वास ठेवत नाही, आधी फेज तपासतो.

आणि विमान उडाल्यावर? दिवा अजून लागलेलाच असेल. तरी ४०० फुटांपर्यंत दोघंही बहुतेक काही करत नाहीत. चाकं आत घ्यायची, घंटी वाजत असेल तर गप्प करायची, नाक आणि वेग सांभाळायचा. मग मोठ्याने वाचायचं, "डाव्या इंजिनाला आग", आणि दुसऱ्याने "हो, डाव्या" असं म्हणायचं. घाईत चालू इंजिनाचीच लिव्हर ओढल्याचे प्रकार झालेत, म्हणून लिव्हर ओढण्याआधी दोघांनी बोटं ठेवून खात्री करायची. मग आठवणीतल्या पायऱ्या, मग पुस्तकातली यादी, मग परत उतरायचं का पुढे जायचं याचा निर्णय. वैमानिकांना हे वर्षातून दोनदा सिम्युलेटरमध्ये करून दाखवावं लागतं, व्ही-वनलाच इंजिन बंद करून. खऱ्या विमानात बहुतेकांच्या आयुष्यात ते कधी होत नाही.

नाना बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हनजे तो झोपेल नव्हता. तेनी आधीच ठरायेल व्हतं."

मी हो म्हटलं. त्यांनी तिकीट पुन्हा खिशात ठेवलं. रात्री थ्री फेज यायची होती, म्हणून बॅटरी घेऊन विहिरीकडे निघाले. मी मागे ओट्यावर बसून होतो. थोड्या वेळाने तिकडून आवाज आला, "तिन्ही लागनात रे!" आणि मग मोटार सुरू झाल्याची घरघर.